गेटसभा ते विधानसभा



नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहायचं, तर सप्टेंबर १८८४ पासून सुरुवात करावी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरली आणि लोखंड्यांनी एक अर्ज तयार केला. त्याखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठे होते. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास जेवायला हवा. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. यातली रविवारची सुट्टी मिळायला जून १८९० उजाडला, आणि ती मालकांच्या संघटनेनं मान्य केली म्हणून मिळाली.

लोखंड्यांनी अर्ज का केला? कारण दुसरं काही करता येत नव्हतं. कायदेमंडळ म्हणून जे काही होतं, त्यात सरकारनं नेमलेली माणसं बसत. सही करणाऱ्या साडेपाच हजारांपैकी एकाच्याही मतानं तिथला एक माणूस हलणार नव्हता. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत कामगाराच्या हाती मत आलं, आधी थोड्यांच्या, मग सगळ्यांच्या. त्या मताचं आपण काय केलं, हा माझा आजचा विषय. विधानसभेच्या निवडणुकीत कामगारांच्या बाजूच्या, पुरोगामी उमेदवारांच्या मागे का आणि कसं उभं राहायचं, असं कुणी मथळा म्हणून लिहिलं तरी माझी हरकत नाही.

मी विधानसभा मुद्दाम म्हणतो आहे. आपल्याकडे चळवळीतल्या माणसाला दोन टोकं आवडतात. एक गेटसभा आणि दुसरं दिल्ली. मधलं जे आहे ते त्याला कमअस्सल वाटतं. खरं पाहता घटनेच्या समवर्ती सूचीत कामगार संघटना, औद्योगिक तंटे, सामाजिक सुरक्षा, कामगारकल्याण हे सगळे विषय आहेत; म्हणजे केंद्राप्रमाणे राज्यालाही त्यांवर कायदा करण्याचा हक्क आहे. घटना होण्याच्या आधीपासूनही मुंबईतल्या कामगाराचं आयुष्य ज्या कायद्यांनी बदललं त्यातले बरेच इथल्याच कायदेमंडळात झाले. बाळंतपणाच्या रजेचे पैसे गिरणीतल्या बाईला मिळावेत, हा देशातला पहिला कायदा १९२९ साली मुंबई प्रांतात झाला. १९२८ मध्ये त्याच्या विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. माथाडी कायदा इथला, रोजगार हमी इथली. आणि गिरणी कामगाराचा गळा ज्या कायद्यानं आवळला तोही इथलाच. त्या शेवटच्या कायद्यावर मला जरा थांबायचं आहे, पण त्यासाठी आधी १९३७ ची निवडणूक पाहायला हवी.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. सहा महिन्यांत प्रांतिक विधानसभेची निवडणूक आली. १७५ जागांच्या सभागृहासाठी या नव्या पक्षानं अवघे सतरा उमेदवार उभे केले आणि चौदा निवडून आणले. स्वतः आंबेडकर मुंबईतल्या गिरणगावातून, भायखळा-परळ भागातून उभे होते. काँग्रेसनं त्यांच्यासमोर कोण उभा केला? पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ज्यानं भल्याभल्या फलंदाजांना नाचवलं तो डावखुरा फिरकी गोलंदाज, चांभार समाजातला, कामगार वस्तीत ज्याचं नाव पोरासोरांच्या तोंडी. डाव अतिशय हुशारीचा होता. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांचा फरक. इतिहासाच्या पुस्तकात हा विजय ठरलेला वाटतो. त्या रात्री मोजणीच्या टेबलाशी बसलेल्यांना तो तसा वाटला असेल असं मला वाटत नाही.

ही चौदा माणसं निवडून कशी आली, हे आज उमेदवार उभे करणाऱ्यांनी नीट पाहावं. एक तर पक्षानं आपली ताकद ओळखून जागा निवडल्या. दुसरं, मुंबई प्रांतात तेव्हा संचित मतदानाची पद्धत होती. एका मतदारसंघातून जितके प्रतिनिधी तितकी मतं प्रत्येकाला, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. थोड्या संख्येच्या पण एकजुटीच्या समाजाला ही पद्धत सोयीची होती आणि पक्षानं ती मतदारांना समजावून सांगितली. तिसरं माझ्या मते सगळ्यांत मोठं. पक्षाचं नाव मजूर पक्ष होतं आणि त्याचा कार्यक्रम त्या नावाला जागणारा होता. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, श्यामराव परुळेकर यांच्यासारखी माणसं त्यात होती, जी अस्पृश्य समाजातली नव्हती. कोकणात खोतांच्या जमिनी कसणारा कुणबी आणि त्याच गावातला महार, दोघांचा खोत एकच होता. चरी गावाच्या आसपास नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. गिरणीत खपणारा मुंबईचा माणूस याच गावांतून आलेला. त्यामुळे परळच्या सभेत खोतीबद्दल बोललेलं कुणाला परकं वाटत नसे.

सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक सभागृहात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी बोटीनं आणि पायी मुंबईत आले आणि विधानसभेवर मोर्चा गेला. विधेयक काही मंजूर झालं नाही. चौदा आमदारांचं विधेयक कोण मंजूर करणार? पण खोती रद्द करणारा कायदा पुढे बारा वर्षांनी झाला, तेव्हा त्याची भाषा सगळ्यांना पाठ होती.

आता त्या गळा आवळणाऱ्या कायद्याकडे येतो. १९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. संपावर जाण्याआधी समेटाची लांबलचक वाट चालणं सक्तीचं. ती न चालता संप केला तर तो बेकायदा आणि संपकऱ्याला तुरुंग. कोणती युनियन मान्य, कोणती अमान्य, याची पायरीपायरीची उतरंड. आंबेडकरांनी सभागृहात याला कडाडून विरोध केला. संप करण्याचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे यांच्यातलं नातं ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचं मोल कळेल. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक तरीही मंजूर झालं.

आठ वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच कायद्याच्या जागी मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. तो आणणारे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा १९३८ मध्ये याच खात्याचे संसदीय सचिव होते. या कायद्यानं गिरणी धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन मानली. ती ठरवायची सभासदांच्या टक्केवारीवर, नोंदवह्या तपासून. कामगारांचं गुप्त मतदान घेऊन नव्हे. राष्ट्रीय मिल मजदूर संघ त्या जागेवर बसला आणि पुढे दशकानुदशकं बसून राहिला. आमदार, खासदार, नगरसेवक निवडताना गिरणी कामगाराला गुप्त मतदानाचा हक्क होता. पगाराचा करार त्याच्या वतीनं कोण करणार हे ठरवताना मात्र नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा त्यांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं, आणि हा कायदा रद्द करणं होतं. पहिल्या दोन मागण्यांवर मालकांशी घासाघीस करता आली असती. तिसरी मागणी मालकाच्या हातात नव्हतीच. जवळजवळ दोन वर्षं गिरण्यांच्या दारात जे कुलूप उघडण्यासाठी माणसं उपाशी बसली, त्याची किल्ली विधान भवनात होती. १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, गिरणगावानं सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. हा पराक्रमच होता. पण तो दिल्लीतला. १९३८ चा कायदा नाव बदलून जिथे जगत होता त्या सभागृहात तो रद्द करू शकेल इतकं संख्याबळ कामगारांच्या बाजूनं कधीच उभं राहिलं नाही.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. संपात जीव द्यायला तयार असलेला कामगार मतदानाच्या दिवशी दुसरीकडे का जातो? आमच्या काही डाव्या मित्रांकडे याचं तयार उत्तर असतं: भावनेच्या भरात तो फसतो. मला हे उत्तर पटत नाही. ज्या माणसाला बोनसचा हिशेब पैशापर्यंत कळतो तो मताच्या बाबतीत एकदम भोळा कसा होईल?

१९५७ पाहा. संयुक्त महाराष्ट्र समितीनं गिरणगाव अक्षरशः जिंकलं. आचार्य अत्रे विधानसभेत गेले, डांगे लोकसभेत. कामगारांनी तेव्हा भाषेसाठी मत दिलं की वर्गासाठी, हा प्रश्नच चुकीचा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या गोळीबारात मेलेल्यांत गिरणीत खपणारी माणसं होती आणि मुंबई कुणाची हा त्यांच्या रोजीचाच प्रश्न होता. १९६० मध्ये राज्य झालं, समितीचं काम संपल्यासारखं झालं, घटक पक्ष आपापल्या वाटेनं गेले आणि १९६२ मध्ये डांगे हरले. एका मागणीवर बांधलेली आघाडी मागणी पूर्ण होताच विरली. पाण्याचा नळ, शाळेतला प्रवेश, पोराची नोकरी, गणपतीची वर्गणी या रोजच्या गोष्टींत कामगाराला कोण भेटत होतं? काही वर्षांत त्या जागी शिवसेनेची शाखा आली.

मग परळ, १९७०. कृष्णा देसाई हे इथले कम्युनिस्ट आमदार, १९६७ मध्ये निवडून आलेले. ते फक्त गेटवरचे पुढारी नव्हते. चाळीतल्या तरुणांमध्ये त्यांचं वजन होतं. ५ जून १९७० रोजी त्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, विरोधात शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक १,६७९ मतांनी जिंकले आणि सेनेचे पहिले आमदार झाले. या निकालाबद्दल बोलताना लालबाग-परळचा लाल रंग त्या दिवशी पुसला गेला असं सर्रास म्हटलं जातं. मी आकड्याकडे बोट दाखवीन. आमदाराचा खून झालेला, वातावरण दहशतीचं, पाठीशी नवी जोमदार संघटना असलेला प्रतिस्पर्धी, आणि तरीही फरक सोळाशे एकोणऐंशीचा. म्हणजे एवढ्या मतदारसंघातले आणखी साडेआठशे लोक इकडे वळले असते तर इतिहास वेगळ्या शब्दांत लिहिला गेला असता. लाल मतं संपली नव्हती. त्यांना रोज भेटणारी माणसं कमी पडली होती.

आता जे ऐकायला काहींना आवडणार नाही तेही सांगतो. महाराष्ट्रातले दोन सर्वांत मोठे श्रमिकहिताचे कायदे सत्ताधारी काँग्रेसच्या बहुमतानं झाले. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. ज्याला एक ठरलेला मालकच नाही, आज या पेढीचं पोतं तर उद्या त्या वखारीचं, अशा हमालाला मंडळात नोंदवायचं, मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि मालकाकडून लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी चालवायचं. जगात फार थोड्या ठिकाणी असं काही सुचलं असेल. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची संघटना होती आणि ते काँग्रेसच्या गोटातले. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, तेही काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांसारख्या विरोधकांनी रस्त्यावर रेटा लावला. सभागृहात सगळ्या बाकांवरून पाठिंबा मिळाला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला तोच पाया मिळाला.

म्हणून कामगारांच्या बाजूचा उमेदवार कोण, हे झेंड्याच्या रंगावरून ठरवू नका. पण माथाडी कायदा होण्यासाठी बाहेर हमालांची संघटना लागली आणि आत तिचं ऐकणारा माणूस लागला. यातलं एक असून भागत नाही.

याचं सर्वांत टिकाऊ उदाहरण मुंबईत सापडत नाही. ते ठाण्याच्या, आताच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरात आहे. स्वतंत्र मजूर पक्षाचे ते श्यामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि ते तलासरी-डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये गेले. वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी राबवून घेण्याची पद्धत) मोडून काढण्याची ती लढाई. तेव्हापासून तिथे किसान सभेचं काम खंड न पडता चालू आहे: वनजमिनीचे दाखले, रेशन, मजुरी, शाळा. २०१९ आणि २०२४ मध्ये डहाणूतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. आज २८८ जणांच्या विधानसभेत त्या पक्षाचे ते एकटेच. शेतकरी कामगार पक्षाचीही एकच जागा आहे, सांगोल्याची. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा निवडून आले होते. लाट येते-जाते. या दोन्ही जागा लाटेवर आलेल्या नाहीत. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे.

एकटा आमदार काय करणार, असं विचारणारे भेटतात. खरं आहे, १९३८ मध्ये चौदांनाही विधेयक अडवता आलं नाही. पण सभागृहात एकही माणूस नसेल तर ते विधेयक काय आहे हे बाहेर कळतही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवून. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांचे नियम करण्याचा मोठा भाग राज्यांकडे आहे. १८८४ मध्ये दिवसाच्या तासांवर अर्ज करणारे लोखंडे आज असते तर त्यांनी तो मुंबईच्या विधान भवनाच्या पत्त्यावर धाडला असता.

कामगार म्हणजे गिरणीवाला ही समजूतही आता सोडावी लागेल. ऊसतोडणी कामगार घ्या. बीड, अहिल्यानगर, जालन्यातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे निघते आणि कारखान्याच्या फडावर सहा महिने राहते. आपली विधानसभेची निवडणूक गेल्या काही खेपांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. २०२४ ची २० नोव्हेंबरला झाली. गाळपाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. ज्यांच्या हक्काबद्दल सभा गाजवायची त्यांचं मतदान केंद्र शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं असतं. सैनिकाला आणि निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला टपाली मत आहे, ऊसतोड्याला नाही. आशा आणि अंगणवाडी ताईंना मतदान करता येतं, पण त्यांना पगार नाही, मानधन आहे. आणि मानधन म्हटलं की किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. मोटारसायकलवर डबे पोचवणाऱ्या पोराला कंपनी भागीदार म्हणते. अशांसाठी राजस्थाननं २०२३ मध्ये देशातला पहिला कायदा केला. तोही एका विधानसभेनंच.

पाठिंबा द्यायचा म्हणजे काय करायचं? पैशापासून सुरू करू. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख रुपये आहे. प्रत्यक्षात किती उडतात हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्या उमेदवाराकडे ती मर्यादा गाठण्याइतकेही नसतात. तेव्हा युनियननं निवडणुकीच्या महिन्यात पावतीपुस्तकं छापण्याऐवजी सभासदांकडून दर महिन्याला थोडं थोडं बाजूला काढायला हवं. कंत्राटदाराचे पैसे घेऊन उभा राहिलेला उमेदवार कंत्राटी पद्धतीवर काय बोलणार?

मतदारयादीचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते कुणी करत नाही. भाड्याच्या खोल्या बदलणारा, गाव आणि शहर यांच्यात फिरणारा कामगार यादीतून सर्वांत आधी गळतो. नाव आहे की नाही हे बघायला मतदानाच्या आठवड्यात जाऊन उपयोग नसतो. हरकती आणि नोंदणीच्या मुदती कितीतरी आधी संपलेल्या असतात.

आणि जागा. १९३७ मध्ये सतराच उमेदवार उभे केले गेले, हे मी मघाशी सांगितलं. आज कामगारांच्या बाजूचे म्हणवणारे पक्ष एकाच मतदारसंघात एकमेकांसमोर उभे राहतात, अनामत रक्कम घालवतात आणि विजयी उमेदवाराच्या मताधिक्याइतकी मतं आपसात वाटून घेतात. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेब हरले तेव्हा हजारो मतं बाद ठरली होती आणि त्या पराभवात कामगार वस्तीतल्या पक्षांची भांडणं होती. तो धडा सत्तर वर्षांनीही आपल्या अंगी लागलेला नाही. जिथे आपलं वर्षभराचं काम नाही तिथे उभं राहू नये, आणि जिथे दुसऱ्याचं आहे तिथे त्याच्या मागे उभं राहावं, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ होईल.

शेवटची विनंती. येत्या विधानसभा निवडणुकीत तुमच्या दारी उमेदवार येईल, कोणत्याही पक्षाचा असो. त्याला हे विचारा: युनियनची मान्यता गुप्त मतदानानं ठरावी याला त्याचा पाठिंबा आहे का, कामाच्या तासांच्या दुरुस्तीवर तो कोणत्या बाजूनं मत देईल, आशा ताईला मानधनाऐवजी वेतन देण्याचं विधेयक तो स्वतः मांडील का, आणि ऊसतोड्याच्या मताचं तो काय करणार आहे. उत्तरं लिहून घ्या, त्याच्यासमोर लिहा, खाली त्याची सही घ्या. तो निवडून आला तर पहिल्याच अधिवेशनाच्या आधी तो कागद घेऊन त्याच्या कार्यालयात जा. एकट्यानं जाऊ नका.